यादीत नाव आलं नाही, आता फिजिक्स कुठे शिकू?

सांगली जिल्ह्यातल्या एका खेड्यातून हे पत्र आलं आहे. लिहिणाऱ्या मुलीची बारावी नुकतीच झाली. शास्त्र शाखा, ८४ टक्के. सीईटीही बरी गेली. दहावीपर्यंतचं शिक्षण मराठी माध्यमातून. आठवीत असताना शाळेच्या सहलीत नारायणगावजवळच्या खोडदची रेडिओ दुर्बीण पाहिली, तेव्हापासून भौतिकशास्त्रातच काहीतरी करायचं हे तिच्या मनाने घेतलं आहे. आयसर या केंद्र सरकारच्या विज्ञान शिक्षण-संशोधन संस्थांची प्रवेश परीक्षा, म्हणजे आयएटी, दिली होती. पण प्रवेश मिळेल इतका वरचा क्रमांक आला नाही. आता तिच्यासमोर चार पर्याय आहेत: सांगलीतल्या कॉलेजात बीएस्सी, पुण्यातल्या नावाजलेल्या कॉलेजात बीएस्सी, एका खासगी विद्यापीठात वर्षाला अडीच लाख फी भरून चार वर्षांची पदवी, नाहीतर एक वर्ष थांबून पुन्हा आयएटी. वडिलांना वाटतं तिने कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला जावं; पण फिजिक्सच करायचं असेल तर निदान मोठ्या ठिकाणी कर, असं म्हणून ते खासगी विद्यापीठासाठी कर्ज काढायला तयार झालेत. घरची तीन एकर द्राक्षबाग आहे. मामा म्हणतात, ‘फिजिक्स करून शेवटी क्लासच काढायचा ना!’ ती विचारते, ‘आयसर हुकलं म्हणजे संशोधनाचं दार बंद झालं का? झालं नसेल, तर फिजिक्ससाठी सगळ्यात चांगलं कॉलेज कोणतं?’

उत्तर

तुझा पहिला प्रश्न आधी घेते, कारण पत्रभर त्याचंच ओझं जाणवतं. दार बंद झालेलं नाही. आयसरमध्ये बारावीनंतर जाता येतं तसं बीएस्सीनंतरही जाता येतं, हे तुला कोणी सांगितलेलं दिसत नाही. पदवीच्या शेवटच्या वर्षात, फेब्रुवारीत, जॅम नावाची परीक्षा होते. तीन तास, ६० प्रश्न, १०० गुण, आणि प्रश्न बीएस्सीच्या अभ्यासक्रमातलेच: यांत्रिकी, विद्युतचुंबकत्व, उष्मागतिकी, प्रकाश, आधुनिक भौतिकी, थोडं इलेक्ट्रॉनिक्स आणि भरपूर गणित. या गुणांवर आयआयटींमध्ये एमएस्सीला आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत इंटिग्रेटेड पीएचडीला प्रवेश मिळतो. पुण्याच्या आयसरमध्येही बीएस्सी झालेल्यांसाठी इंटिग्रेटेड पीएचडी आहे. ज्या संस्थेच्या यादीत आज तुझं नाव नाही, तिथेच तीन वर्षांनी तू पुन्हा अर्ज करू शकतेस.

दीपक धर यांचं उदाहरण सांगते. सांख्यिकीय भौतिकीतला मोठा सन्मान म्हणजे बोल्ट्झमन पदक. २०२२ साली ते मिळालेले धर हे पहिले भारतीय. त्यांची बीएस्सी अलाहाबाद विद्यापीठाची, एमएस्सी कानपूरच्या आयआयटीची, पीएचडी अमेरिकेतल्या कॅल्टेकची. पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे टीआयएफआरमध्ये, अनेक वर्षं संशोधन केल्यावर ते पुण्याच्या आयसरमध्ये गेले. अलाहाबादला बीएस्सी केलेल्या प्रत्येकाचं असं झालं नाही हे उघड आहे, त्यामुळे त्यांचं नाव घेऊन मी तुला कसलीही हमी देत नाही. मला त्यातलं एवढंच दाखवायचं आहे, की पदवी, पदव्युत्तर आणि पीएचडी हे तीन टप्पे तीन ठिकाणी होऊ शकतात आणि प्रत्येक टप्प्यावर नव्याने निवड होते. पहिल्या टप्प्याचं काम पाया पक्का करण्याचं आहे. तो जिथे पक्का होईल ते तुझ्यासाठी चांगलं कॉलेज.

म्हणूनच ‘सगळ्यात चांगलं कॉलेज कोणतं’ या प्रश्नाला मी एका नावाने उत्तर देणार नाही. कॉलेज निवडताना मुलं माहितीपत्रक बघतात, कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची श्रेणी बघतात, शहर बघतात. श्रेणी असते ती अख्ख्या कॉलेजची. तिच्यात वाणिज्य शाखा येते, ग्रंथालय येतं, मैदानही येतं. भौतिकशास्त्र विभागात सोमवारी सकाळी काय चालतं हे तिच्यावरून कळत नाही. शहराचंही तसंच. पुण्याचं फर्ग्युसन १८८५ सालचं, सांगलीचं विलिंग्डन १९१९ सालचं, आणि दोन्ही एकाच डेक्कन एज्युकेशन सोसायटीची. जिल्ह्याच्या गावचं कॉलेज म्हणजे दुय्यम, हे गृहीत धरून तू पत्र लिहिलं आहेस. ते तपासून बघ, आणि तपासायची जागा म्हणजे प्रयोगशाळा.

दोन्ही कॉलेजांत जा. कार्यालयात न थांबता थेट विभागात जा, विभागप्रमुखांना भेट आणि ‘मला प्रवेश घ्यायचाय, प्रयोगशाळा बघू का?’ असं विचार. चांगला विभाग नाही म्हणत नाही. आत गेल्यावर डार्क रूम दाखवायला सांग. सोडियमचा दिवा लावून दाखवा म्हणावं. तो आधी लालसर दिसतो आणि काही मिनिटांनी पिवळाधमक होतो. तो लागतो का, स्पेक्ट्रोमीटर किती आहेत, त्यांचे स्क्रू फिरतात की गंजून बसलेत, एका उपकरणाभोवती किती मुलं उभी राहतात, हे नीट बघ. मग वरच्या वर्गातल्या मुलांची जर्नलं, म्हणजे प्रयोगवह्या, चाळ. ग्रेटिंग वापरून सोडियमच्या प्रकाशाची तरंगलांबी काढायचा प्रयोग जवळपास सगळीकडे असतो, आणि पुस्तकातलं उत्तर आहे ५८९३ अँगस्ट्रॉम. चार-पाच जर्नलांत उत्तर नेमकं तेवढंच आलं असेल, रीडिंगही सारखीच असतील, तर ती मागच्या वर्षीच्या जर्नलातून उतरवलेली आहेत असं समज. एकात ५८६०, दुसऱ्यात ५९४० आलं असेल, खाली फरकाचं कारण लिहिलं असेल आणि बाजूला लाल शाईत ‘व्हर्नियर पुन्हा वाच’ असा शेरा असेल, तर तो विभाग जिवंत आहे. अशा ठिकाणी तीन वर्षं काढलेल्या मुलीला पुढे कुठल्याही मोठ्या प्रयोगशाळेत उभं राहायची भीती वाटत नाही.

तिथल्या तिसऱ्या वर्षाच्या मुलांशी, शिक्षक जवळ नसताना, बोल. विभागात पूर्णवेळ शिक्षक किती आणि तासिका तत्त्वावरचे किती, हे त्यांना माहीत असतं. तासिका तत्त्वावर काम करणारे अनेक जण जीव तोडून शिकवतात, त्यांच्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण ते पुढच्या वर्षी त्याच कॉलेजात असतील याची खात्री त्यांनाही नसते, आणि प्रकल्पासाठी, शिफारसपत्रासाठी तुला सलग तीन वर्षं ओळखणारं माणूस लागतं. मागच्या दोन-तीन वर्षांत जॅमला कोण बसलं, कुणाला कुठे प्रवेश मिळाला, हेही विचार. एकाही मुलाला जॅम म्हणजे काय हे माहीत नसेल, तर त्यातून बरंच काही कळतं.

अभ्यासक्रमाबद्दल एक गोष्ट प्रवेशाआधीच स्पष्ट करून घे. नव्या शैक्षणिक धोरणामुळे आता पदवीला एक मुख्य विषय आणि एक गौण विषय असतो. तिसऱ्या वर्षापर्यंत भौतिकशास्त्र मुख्य विषय म्हणून तिथे शिकवलं जाणार आहे ना, की पुरेशी मुलं नसतील तर तुकडी बंद होईल, हे विचार. गौण विषय म्हणून गणित घे. बरोबरच्या मुली रसायनशास्त्र घेतायत, त्यात गुण चांगले पडतात, असं कानावर येईल. तरी गणितच घे. भौतिकशास्त्रात मागे पडणारी बहुतेक मुलं दुसऱ्या वर्षात, अवकल समीकरणांपाशी अडखळतात. चौथं वर्ष कॉलेजात आहे का, हाही प्रश्न आहे. तीन वर्षांवर थांबलीस तर एमएस्सी दोन वर्षांची, चार वर्षं केलीस तर एका वर्षाची. संशोधनासह ऑनर्स घ्यायचं असेल तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के लागतात. चौथं वर्ष नसलं तरी काही बिघडत नाही. तिसऱ्या वर्षात जॅम देऊन बाहेर पडायची वाट मला तुझ्यासाठी जास्त बरी वाटते.

आता थोडं अवघड बोलते. तुला भौतिकशास्त्र आवडतं म्हणतेस, आणि पत्रात कृष्णविवरांबद्दल, जेम्स वेब दुर्बिणीच्या चित्रांबद्दल भरभरून लिहिलं आहेस. ते वाचताना मलाही आनंद झाला. पण पदवीच्या तीन वर्षांत कृष्णविवरं फार थोडी भेटतील. भेटतील ते लंबक, लोलक, विद्युतमंडल आणि पानंच्या पानं आकडेमोड. तेव्हा या आठवड्यात घरी एक प्रयोग कर. एक दोरा घे, खाली जड कुलूप बांध, गाठीपर्यंतची लांबी बरोबर १ मीटर ठेव. कुलूप थोडंसंच बाजूला नेऊन सोड आणि मोबाइलवर २० झोके मोज. समजा ४०.५ सेकंद लागले. लंबकाच्या सूत्रात घाल: जी, म्हणजे गुरुत्व त्वरण, येईल साधारण ९.६३. पुस्तकात तर ९.८ आहे. इथे वही मिटून ‘आलं जवळपास’ म्हणावंसं वाटतं, की कुठे चुकलं हे शोधावंसं वाटतं? शोधायला गेलीस तर कळेल, की लांबी गाठीपर्यंत नव्हे, कुलपाच्या गुरुत्वमध्यापर्यंत मोजायची असते. मध्य २ सेंटीमीटर खाली असेल तर लांबी १.०२ मीटर धर, आणि जी येईल ९.८२. मग पुढचा प्रश्न: बटण दाबताना माझ्याकडून ०.२ सेकंदाची चूक झाली असेल, तर उत्तर कितीने हललं? काळाचा वर्ग येतो म्हणून सुमारे १ टक्क्याने, म्हणजे ९.८२ मधला दुसरा दशांश अंक भरवशाचा नाही. या शोधाशोधीत तुझी संध्याकाळ कशी गेली ते तुझं तूच बघ. मजा आली असेल, तर भौतिकशास्त्र तुझं आहे, कॉलेज कुठलंही असो. कंटाळा आला असेल तर त्यातही वाईट काही नाही. मग वडिलांचं इंजिनिअरिंग इतकं परकं वाटायचं कारण नाही, आणि आकाशाची आवड आयुष्यभर जपता येतेच.

खासगी विद्यापीठाबद्दल मी स्पष्ट सांगते: कर्ज काढून तिथे जाऊ नकोस. चार वर्षांची फी १० लाख, वर राहणं-जेवण वेगळं. तुला संशोधनात जायचं आहे, म्हणजे पदवीनंतर आणखी दोन वर्षं एमएस्सी आणि मग पाच-सहा वर्षं पीएचडी. पीएचडीला फेलोशिप मिळते; नेट परीक्षेतून मिळणाऱ्या जेआरएफ फेलोशिपची रक्कम २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहे. एका माणसाला ती पुरते. तिच्यातून शैक्षणिक कर्जाचे हप्ते भरायचे आणि द्राक्षाला एक वर्ष अवकाळीने झोडपलं तर घरीही पाठवायचे, हे गणित बसत नाही. मग हुशार मुलं एमएस्सीनंतर पहिली मिळेल ती नोकरी धरतात, आणि ज्या कारणासाठी कर्ज काढलं तेच हातातून सुटतं. सगळीच खासगी विद्यापीठं वाईट असतात असं मी म्हणत नाही. काहींमध्ये उत्तम शिक्षक आहेत, आणि पूर्ण शुल्कमाफी मिळत असेल तर जरूर विचार करावा. लेखी पत्रात चारही वर्षांची सवलत आणि ती टिकवायची अट दिली असेल तेव्हाच.

एक वर्ष थांबायचं का? माझं मत नको असं आहे. आयएटीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित आणि जीवशास्त्राचे प्रत्येकी १५ प्रश्न असतात. तू अकरावीत जीवशास्त्र सोडलंस, म्हणजे ६० पैकी १५ प्रश्नांत तुझी बाजू लंगडी होती, हे लक्षात घे आणि स्वतःला ‘ढ’ म्हणणं थांबव. पुन्हा प्रयत्न करायचाच असेल तर प्रथम वर्ष बीएस्सी करता करता कर; अकरावी-बारावीची उजळणी त्या वर्षी तशीही होतेच. सोबत नेस्ट या प्रवेश परीक्षेचाही अर्ज भर. तिच्यातून भुवनेश्वरचं नायसर आणि मुंबईत कालिना कॅम्पसमधलं सेब्स या विज्ञान संस्थांत पाच वर्षांच्या एमएस्सीला प्रवेश मिळतो, आणि चारपैकी ज्या तीन विषयांत गुण जास्त ते धरले जातात, त्यामुळे जीवशास्त्र न घेतलेल्यांना ती सोयीची पडते. दोन्हींच्या पात्रतेत बारावी कधी झालेली चालते ते त्या वर्षीच्या सूचनेत नीट वाच. निवड झाली तर एक वर्ष मागे जाऊन नव्याने सुरुवात करायची की नाही, ते तेव्हा ठरव. घरी बसून काढलेलं वर्ष मात्र फार एकटं असतं, आणि निकाल मनासारखा लागला नाही तर हातात काहीच उरत नाही.

राहिलं सांगली आणि पुणे. तुझ्या गावाहून सांगलीला रोज एसटीने जाऊन-येऊन दोन तास जातील म्हणतेस. प्रॅक्टिकल असलेल्या दिवशी शेवटच्या गाडीसाठी अर्ध्यातून उठावं लागत असेल तर तो तोटा खरा आहे. सांगलीतच वसतिगृह मिळतं का ते पाहा. पुण्याचा फायदा कॉलेजच्या इमारतीबाहेर आहे. आयुका आणि एनसीआरए या खगोलशास्त्राच्या संस्था, शिवाय आयसर, हे सगळं तिथे आहे, व्याख्यानांना जाता येतं, आणि तुझ्यासारखंच वेड असलेली चार डोकी भेटायची शक्यता जास्त. सोबतीला मी फार किंमत देते. रात्री एखादं उदाहरण सुटत नसताना ज्याच्याशी भांडावं असं कोणी असलं, की अभ्यास दुप्पट होतो. म्हणून, दोन्ही प्रयोगशाळा तोलामोलाच्या दिसल्या आणि पुण्यात वसतिगृहाची जागा मिळाली, तर पुण्याला जा. खोली भाड्याने घेऊन, खानावळ लावून, घरच्यांवर दर महिन्याला ताण देऊन मात्र जाऊ नकोस. तसं असेल तर सांगलीला मनापासून जा, मन मारून नको.

सांगलीत राहिलीस तरी पुणे-मुंबई तुटत नाही. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा एनआययूएस हा उपक्रम पदवीच्या सुरुवातीच्या वर्षांतल्या मुलांसाठीच आहे. तिथल्या शिबिरात प्रयोगशाळेत काम करायला मिळतं आणि देशभरची मुलं भेटतात. बंगळुरू, दिल्ली आणि प्रयागराजच्या तीन विज्ञान अकादम्या मिळून उन्हाळी संशोधन फेलोशिप देतात. भौतिकशास्त्राच्या शिक्षकांची आयएपीटी ही संघटना बीएस्सीच्या मुलांसाठी दर वर्षी एनजीपीई परीक्षा घेते. तुझ्या कॉलेजात केंद्र नसेल तर शिक्षकांना सांगून सुरू करून घे. हे लातूर, जळगाव, रत्नागिरी कुठल्याही कॉलेजातल्या मुलांनी करावं असंच आहे, आणि माहिती नसल्यामुळे ती मागे राहतात याचं मला मनापासून वाईट वाटतं.

इंग्रजीची भीती तू एका ओळीत लिहून खोडली आहेस, पण मला ती दिसली. मराठी माध्यमातून आलेल्या मुलीला पहिले तीन-चार महिने जड जातात. जाडजूड पुस्तक पहिल्या पानापासून वाचत बसू नकोस. आधी सोडवलेली उदाहरणं वाच, त्यांतली समीकरणं तुला ओळखीची असतील. मग त्यांच्या आधारे वरचा मजकूर वाच. वर्गात शंका मराठीत विचार. शिक्षक उत्तर देतात.

मामांच्या बोलण्यात तथ्य आहे, तेवढं मान्य करू. अनुदानित कॉलेजांत कायम प्राध्यापकाच्या जागा कमी निघतात आणि नेट-सेट झालेले अनेक जण वाट बघत असतात. पण एमएस्सीनंतर तेवढीच एक वाट नसते. भाभा अणुसंशोधन केंद्र भौतिकशास्त्रात एमएस्सी झालेल्यांना निवडून वर्षभराचं प्रशिक्षण देतं आणि वैज्ञानिक अधिकारी म्हणून घेतं. एमएस्सीनंतर रेडिऑलॉजिकल फिजिक्सची पदविका करता येते; कर्करोगाच्या रुग्णालयात किरणोपचार करायचे तर वैद्यकीय भौतिकतज्ज्ञ लागतोच, आणि अशी रुग्णालयं आता जिल्ह्याच्या ठिकाणीही उभी राहतायत. पहिल्या वर्षापासून पायथन शिकलीस तर प्रयोगाच्या आकडेवारीसाठी उपयोग होईल आणि नोकरीच्या बाजारातही हात मोकळा राहील. हा परिच्छेद वडिलांना वाचून दाखव. त्यांनी स्वतःहून कर्जाची तयारी दाखवली, म्हणजे त्यांचा विरोध फिजिक्सला नाही. तुझं पुढे कसं होईल ही काळजी आहे. प्रयोगशाळा बघायला जाशील तेव्हा त्यांनाही ने, आणि विभागप्रमुखांना जे विचारायचं ते त्यांना विचारू दे.

प्रवेशाचं एक सांगते. सांगलीच्या यादीत नाव लागलं की मुदतीत प्रवेश घेऊन टाक. पुण्याच्या वसतिगृहाची यादी नंतर लागते, तिच्या भरवशावर हातची जागा घालवू नकोस. प्रवेश रद्द केला तर फी किती दिवसांपर्यंत पूर्ण परत मिळते ते पैसे भरण्याआधी विचार. मूळ शाळा सोडल्याचा दाखला देण्याआधी त्याच्या साक्षांकित प्रती काढून ठेव. उत्पन्नाचा दाखला याच आठवड्यात तहसीलमधून काढून घे. महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना तो लागतो. ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्यांसाठी ती आहे, आणि साध्या बीएस्सीलाही मिळते.